टेक्निकल आर्टिस्ट व्हायचं तर चित्रकला जास्त यायला हवी की कोडिंग?

तुम्ही लिहिलंय की बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, चित्रं बरी काढता, प्रोग्रॅमिंगही जमतं, आणि गेम कंपनीच्या जाहिरातीत ‘टेक्निकल आर्टिस्ट’ (चित्रकार आणि प्रोग्रॅमर यांच्यामधला दुवा) वाचून हे पद आपल्यासाठीच आहे असं वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं. मी नेरूळला राहते, अजून शिकतेच आहे. त्यामुळे हे नोकरीवालीचं उत्तर नाही, दीड वर्ष धडपडलेल्या विद्यार्थिनीचं आहे.

दोन्ही मध्यम असलं तरी चालतं. पण ‘हे असं का होतंय’ याचा पिच्छा पुरवायची खोड हवी.

माझा पहिला मोठा थ्रीडी सीन आमच्याच कॉलनीचा होता, पावसाळ्यातली सिडकोची वसाहत. बिल्डिंगा सगळ्या एकसारख्या, म्हणून एकच बनवली आणि चाळीस ठिकाणी उभी केली. याला इन्स्टन्सिंग म्हणतात: आकार एकदाच द्यायचा, सोबत तो कुठे कुठे उभा करायचा याची यादी. सिडकोला हे आपल्याआधी सुचलेलं. पण एकसारखी बिल्डिंग आपल्याकडे एकसारखी राहते कुठे? कुणी बॉक्स ग्रिल पुढे काढतं, कुणी गच्चीवर निळी ताडपत्री टाकतं, कुणाच्या दोरीवर चार दिवस न वाळलेले कपडे. मग बिल्डिंगच्या जागेच्या आकड्यांवरून शेडरमध्येच (पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्रॅम) एक नंबर काढला आणि ग्रिलचा रंग, भिंतीवरचं शेवाळ, सगळं त्यावर सोडलं. चाळीस बिल्डिंगा, एकच मटेरियल, म्हणजे रंगरूपाची एकच सेटिंग. त्या रात्री मी स्वतःवर भलतीच खूश होते.

दुसऱ्या दिवशी तोच सीन आईच्या फोनवर टाकला. लॅपटॉपवर सुसाट पळणारा प्रकार तिथे एका फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरच्या एका चित्राला, ४५ मिलिसेकंद घेत होता. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला १६.६ मिलिसेकंद येतात, ३० वर समाधान मानलं तर ३३.३. माझ्या जेमतेम २२ होत होत्या.

मी गृहीतच धरलं की दोष बिल्डिंगांचा. दोन रात्री जागून ट्रायँगल (मॉडेल ज्या त्रिकोणांचं बनतं ते) निम्म्यावर आणले, खिडक्यांच्या कडा छाटल्या, ग्रिलच्या सळ्या मोजून मोजून काढल्या. ४५ चे ४४ झाले. रडायचीच बाकी होते. कॉलेजमधल्या एका सिनियरला सांगितलं, तर त्याने सीन उघडूनही बघितला नाही. म्हणाला, “रेंडर स्केल अर्धा कर, मग बोलू.” म्हणजे चित्र लहान काढून स्क्रीनभर ताणायचं: लांबी अर्धी, रुंदी अर्धी, पिक्सेल पावपट. वेळ एकदम १६ वर आला! ट्रायँगल तितकेच होते, तरी वेळ कोसळला. म्हणजे सगळा वेळ पिक्सेल रंगवण्यात जात होता, आणि मी दोन रात्री भलत्याच ठिकाणी कात्री चालवत बसले होते.

आता कोणते पिक्सेल? एकेक गोष्ट बंद करत गेले, तर सापडला पाऊस. पावसासाठी मी कॅमेऱ्यासमोर एकामागे एक आठ पारदर्शक पडदे टांगले होते. भिंतीमागे जे झाकलं जातं ते बहुतेक वेळा रंगवावं लागत नाही. पारदर्शक गोष्टीला ती सवलत नाही, प्रत्येक थर रंगवून मागच्यात मिसळावाच लागतो. आईच्या फोनचा स्क्रीन १०८० बाय २४००, म्हणजे साधारण २६ लाख पिक्सेल. गुणिले आठ, दोन कोटींच्या वर, तेही दर फ्रेमला. आणि त्यातले बहुतेक रिकामे, कारण पावसाची रेघ बारीक आणि पडदा अख्खा. रिकाम्या पिक्सेलचंही भाडं लागतं. याचं नाव ओव्हरड्रॉ. आठाचे दोन पडदे केले आणि लांबच्या पावसाऐवजी नुसतं धुकं घातलं (जोराच्या सरीत आमच्याकडून पारसिकचा डोंगर तरी कुठे दिसतो?). १९ मिलिसेकंद. छाटलेल्या सळ्या परत लावून टाकल्या.

गणिताची भीती वाटते असंही तुम्ही लिहिलंय. बारावीचा डॉट प्रॉडक्ट खूप लांबपर्यंत पुरतो. संध्याकाळी ठाण्याला तलावपाळीवर उभं राहून बघा: पायाशी पाणी हिरवट, पलीकडच्या काठाजवळ मात्र दिव्यांची अख्खी रांग उलटी. सरळ खाली बघितलं तर पाणी जेमतेम दोन टक्के उजेड परत फेकतं, नजर तिरकी होत गेली की ते प्रमाण झपाट्याने वाढतं. शेडरमध्ये यासाठी नजरेची दिशा आणि पृष्ठभागाचा नॉर्मल (त्याला काटकोनात असलेली दिशा) यांचा डॉट प्रॉडक्ट एकातून वजा करायचा आणि पाचवा घात काढायचा. श्लिक नावाच्या माणसाने १९९४ मध्ये मांडलेलं हे सोपं रूप गेममध्ये आजही सर्रास वापरतात. माझ्या कॉलनीतली डबकी याच एका ओळीवर ओली दिसायला लागली.

क्लास लावावा का? मी एक लावला होता. तिथे माझ्या विटा आत दबलेल्या दिसत होत्या, तर सर म्हणाले, लाइट फिरव. लाइट फिरवून एक भिंत सुधारली, दुसरी बिघडली. खरं कारण महिन्याभराने कळलं: नॉर्मल मॅपचा (सपाट भिंतीवर उंचसखलपणा भासवणाऱ्या चित्राचा) हिरवा चॅनल युनिटी आणि अनरियल ही दोन गेम इंजिनं उलटसुलट वाचतात, आणि मी अनरियलसाठी काढलेला मॅप युनिटीत लावला होता. क्लासने बटणं शिकवली, ती ब्लेंडर फुकट घेऊन घरीही शिकता आली असती. फ्रेम उघडून आत काय काय रंगवलं गेलं ते दाखवणारं रेंडरडॉकही फुकट आहे.

चित्रकला कामी येते ती डोळा म्हणून. धुकं किती घातलं की खरं वाटेल, हे प्रोफाइलर (कशाला किती वेळ लागतो ते मोजणारं टूल) सांगत नाही. आणि कोडिंग नुसतं शेडरपुरतं नसतं, दुसऱ्यांसाठी टूल लिहावी लागतात. मी मॉडेलिंग करणाऱ्या एका मित्रासाठी पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली: फाइलींना नावं देणं, एक्सपोर्ट, सगळं एका बटणावर. आठवड्याभरात तो परत हातानेच करायला लागला. तासभर शेजारी बसले तेव्हा कळलं, त्याला नावांचा त्रास नव्हताच. प्रत्येक मॉडेलचा पिव्होट (ज्या बिंदूला धरून मॉडेल ठेवतात आणि फिरवतात तो) तळाशी आणून ठेवणं हे त्याचं खरं दुखणं होतं. त्याला चार ओळी पुरल्या.

लॅपटॉप आहे तोच वापरा. घरातला सगळ्यात रडका फोन मात्र आधी हेरून ठेवा. आमच्याकडे तो आईचा आहे, आणि रात्रीची मालिका संपल्याशिवाय हातात पडत नाही.