घाटात काच धुरकटते तेव्हा

प्रश्न : मी वाळपईला शिक्षिका आहे, वय ५३. माहेर बेळगावला, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी चोर्ला घाट स्वतः गाडी हाकत चढते. माझ्या जुन्या गाडीत एसीची तीन गोल बटणं आहेत. मुलाच्या आग्रहाने परवा नवी गाडी चालवून पाहिली. तिच्यात भलामोठा स्क्रीन, आणि एसीचा पंखासुद्धा त्याच्याच पोटात! घाटात काच धुरकटली, मी स्क्रीनवर बोटं आपटत राहिले आणि वळणावर समोरून ट्रक आला. मुलगा म्हणतो, मोबाईल जमतो मग हे का नाही? माझं वय झालं का?

उत्तर : बाई, वयाचा काही संबंध नाही. मोबाईल तुम्ही डोळ्यांसमोर धरून वापरता. घाटात डोळे रस्त्याला दिलेले असतात, उरतो फक्त हात.

गोव्यातल्या खाणी बंद झाल्या त्या २०१२ सालापर्यंत मी बार्ज चालवायचो. आमोण्याला खनिज भरायचं, मांडवीतून मुरगाव बंदर गाठायचं. पावसाळ्यात आग्वादजवळच्या मांडवीच्या मुखातून जाता येत नसे, तेव्हा कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारी नदीत उतरायचं. बार्जला दोन इंजिनं, त्यांचा वेग कमीजास्त करणारे दोन दांडे शेजारी शेजारी, दोन्ही एकाच तळहातात मावणारे. एक जरा मागे राहिला की तळव्याला कळायचं. काळोख्या रात्री, धो धो पावसात मी त्या दांड्यांकडे कधी वळून पाहिलं नाही.

म्हणून २०१७ च्या ऑगस्टमधली सिंगापूरजवळची टक्कर वाचली तेव्हा माझा हात आपोआप ते दांडे शोधू लागला. अमेरिकी नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' ही युद्धनौका आणि एक तेलवाहू जहाज यांची टक्कर होऊन १० नौसैनिक गेले. युद्धनौकेवर दांडे नव्हते, टचस्क्रीन होता. वेग कमी करताना एकाच बाजूचं यंत्र मंदावलं, दुसरं तसंच चालत राहिलं आणि जहाज डावीकडे वळत गेलं. सुकाणू नेमकं कुठल्या जागेवरून फिरतंय, याचाही गोंधळ. शिकवणीतली ढिलाईही चौकशीत निघाली, तेव्हा सगळं खापर टचस्क्रीनवर फोडणार नाही. पण २०१९ साली नौदलाने अशा जहाजांवर दांडे परत बसवायचं ठरवलं.

'सवयीने जमेल' असं चिरंजीव म्हणतील. स्वीडनच्या एका मोटार मासिकाने २०२२ साली चालकांना आधी गाड्यांची सवय करू दिली, मग ताशी ११० किलोमीटर वेगात साधी चार कामं करायला लावली. २००५ सालच्या बटणवाल्या व्होल्वोत ती १० सेकंदांत उरकली. सगळ्यात मागे पडलेल्या नव्या गाडीला ४४ सेकंदांहून जास्त लागली. तुम्ही घाटात चाळिसाने जात असाल तरी एका सेकंदात गाडी ११ मीटर पुढे जाते.

आता काचेचं. धुकं आत की बाहेर, हे आधी बोट फिरवून बघा. आत असेल तर एसी चालू, वारा काचेवर आणि बाहेरची हवा आत घ्यायची. बाहेर असेल तर एसीनेच काच गार पडलेली असते. वायपर मारा, वारा काचेवरून पायांकडे वळवा, गारवा कमी करा. आपल्याकडे जुलैत दोन्ही प्रकार एकाच फेरीत होतात, म्हणून एसीचं फिरतं बटण हाताशी हवंच. शिवाय ओल्या बोटाचा स्क्रीनला भरवसा नसतो.

स्क्रीन वाईट नाही. मागचा कॅमेरा दिसायला, नकाशाला तो उत्तम. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी युरो एनकॅप ही संस्था २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा मोजक्या गोष्टींना खरी बटणं किंवा दांडे नसतील तर गुण कापते. एसी त्या यादीत नाही. ते लोक चोर्ल्याला आले असते तर त्यांनी घातला असता.

शोरूममध्ये गाडी उभी असताना डोळे मिटा आणि वायपर, पार्किंगचे चारही दिवे, काचेवरचा वारा, पंख्याचा वेग हे चाचपून लावा. दोनदा चुकलात तर ते मॉडेल सोडा आणि त्याच गाडीचं खालचं मॉडेल दाखवायला सांगा. बऱ्याचदा त्यात गोल बटणं शिल्लक असतात, पैसेही वाचतात. सेल्समन म्हणेल, बाई, नुसतं बोला, गाडी ऐकते. मग त्याला चोर्ल्याला घेऊन जा, चारही काचांवर पाऊस बडवत असू दे, आणि आपल्या मराठीत सांगा, 'गे बाये, काच पूस.'