वरच्या बाथरूमचं पाणी, खालच्या छताची ओल: नव्या सेक्रेटरीस पत्र

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

सोसायटीची सेक्रेटरी झालीस आणि पहिलाच अर्ज गळतीचा आला. खालच्या काकूंच्या बेडरूमच्या छताला ओल आली आहे, वरचे काका म्हणतात आमचं बाथरूम ठणठणीत कोरडं आहे, आणि ग्रुपवर फोटो पडल्यापासून मजल्यामजल्यांत दोन तट पडले आहेत. अशा प्रकरणात सेक्रेटरीच्या हातात एकच मोठी गोष्ट असते: पाणी नक्की कुठून येतंय ते सापडेपर्यंत कोणाचंही नाव दोषी म्हणून निघू द्यायचं नाही. तपासणी दोन्ही घरांसमोर झाली, की पैशांची बोलणी पुष्कळ सोपी होतात. आधी आरोप आणि मग तपासणी असा क्रम लागला, तर वरचं घर दारच उघडत नाही.

आज संध्याकाळीच एक काम कर. ओल पंख्याच्या किंवा दिव्याच्या जागेपर्यंत आली असेल तर त्या खोलीचा एमसीबी पाडायला सांग. पाणी स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपातून वाहत येतं आणि पंख्याच्या डब्यातून टपकतं. तिथे तात्पुरती बादली लावून पंखा चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. मग छताकडे नीट बघ. प्लास्टर फुगलं असेल तर लांब काठीच्या टोकाने हलकं ठोकून बघ, पोकळ आवाज आला तर त्याखालचा पलंग लगेच हलवायला लाव. काँक्रीटमधली सळई गंजते तेव्हा ती फुगते आणि खालचा थर ढकलून पाडते, त्यामुळे पोपडा कधी सुटेल ते सांगता येत नाही.

त्यानंतर पेन्सिल घे. ओलीच्या डागाच्या कडेने छतावर रेघ मार आणि शेजारी तारीख लिही. तीन दिवसांनी पुन्हा मार. चार रेघा झाल्या की डाग वाढतोय, थांबलाय की आक्रसतोय हे सगळ्यांना दिसतं, त्यावर कोणाला हुज्जत घालता येत नाही. काकूंना एक साधी वहीही ठेवायला सांग: थेंब कधी पडले, किती वेळ पडले, त्या दिवशी पाऊस होता का. या वहीतूनच अर्धं निदान होतं. रात्रंदिवस सारखं टपकत असेल, वरचं घर दिवसभर बंद असतानाही, तर दाबाखालच्या पाण्याच्या लाइनवर संशय घे. सकाळच्या आंघोळींनंतर तासा-दोन तासांनी वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (फरशीतलं जाळीचं निचऱ्याचं तोंड), त्याचा पाइप किंवा टाइलचे सांधे. फक्त पावसात येत असेल तर बाहेरची भिंत, डक्ट (पाइप उतरतात ती उभी पोकळी) किंवा गच्ची, आणि मग वरच्या काकांचा त्याच्याशी काही संबंध नसण्याचीच शक्यता जास्त.

एक गोष्ट लोकांच्या गळी उतरवावीच लागते: डाग जिथे दिसतो त्याच्या बरोबर वर गळती असेलच असं नाही. बाथरूमखालचा स्लॅब साधारण फूटभर खोल बसवलेला असतो, त्यालाच मिस्त्री सन्क म्हणतात. त्यात विटांचे तुकडे आणि सिमेंटचा भराव असतो, आणि तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. पाणी त्या भरावात साठतं आणि जिथे चीर मिळेल तिथून बाहेर पडतं, कधी कधी शेजारच्या खोलीत.

आता तपासणीचा क्रम. तो बदलू नकोस. पहिल्याच दिवशी उत्साहाने बाथरूममध्ये पाणी भरून ठेवलं, तर पुढे आठवडाभर खाली जे टपकेल त्याचा अर्थच लागणार नाही.

सुरुवात पाण्याच्या लाइनपासून. गच्चीवरच्या टाकीतून त्या फ्लॅटला येणारे व्हॉल्व्ह शोध. बहुतेक इमारतींत स्वयंपाकघर, बाथरूम आणि फ्लश यांच्या लाइनी वेगळ्या उतरतात, त्यामुळे एकच व्हॉल्व्ह बंद करून ‘लाइन ठीक आहे’ म्हणणं ही नेहमीची चूक. एकेका रात्री एकेक लाइन, रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेव. त्या उभ्या लाइनवर खालचे मजलेही असतील, तेव्हा आदल्या दिवशी नोटीस लाव. एखाद्या रात्री थेंब मंदावले तर त्याच लाइनची प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घे: सगळे नळ काढून बूच लावायचे, हातपंपाने दर चौरस सेंटिमीटरला पाच किलोच्या आसपास दाब द्यायचा आणि निदान अर्धा तास काटा बघत राहायचं. काटा उतरला तर भिंतीतल्या पाइपात किंवा सांध्यात गळती आहे. इमारत जुनी आणि पाइप जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) असतील तर दाब कमी ठेवायला सांग, कारण गंजलेला एल्बो (पाइपाचा वाकडा सांधा) टेस्टमध्येच फुटू शकतो, आणि मग ‘तुमच्या टेस्टने फुटला’ हा नवा वाद उभा राहतो. टेस्टच्या आधी उघडे सांधेही बघून घे: गीझरच्या खालचे कनेक्शन पाइप, अँगल कॉकचा दांडा, फ्लशच्या टाकीची जोडणी. यातल्या एखाद्या झिजलेल्या वॉशरपायी टाइल फोडायला निघालेली घरं कमी नसतात. नुकतंच कोणी आरसा, रॅक किंवा कपाट भिंतीला ठोकलं आहे का, तेही विचार. ड्रिलचं टोक आतल्या पाइपात गेलं की महिनोन्महिने तो स्क्रूच बूच होऊन बसतो आणि गळती थेंबाथेंबाने चालते.

लाइनवरचा संशय फिटला, की मग निचरा. इथे घाई नको. नहाणी ट्रॅपच्या जाळीत नरसाळं किंवा पाइपचा तुकडा लावून दोन बादल्या पाणी थेट आत सोड. बाजूची टाइल भिजता कामा नये. पाण्यात खायचा रंग घाल. खाली काही तासांत ओल वाढली तर ट्रॅपचा सांधा किंवा त्याचा डक्टकडे जाणारा पाइप दोषी. काही आलं नाही तर दोन दिवस जाऊ दे, मग कमोडच्या टाकीत दुसरा रंग घालून फ्लश कर. मग पुन्हा दोन दिवस थांबून शॉवर भिंतीवर पंधरा मिनिटं सोड. रंग खाली दिसला तर उत्तमच, पण दिसला नाही म्हणून ‘आमचं नाही’ असं कोणाला म्हणू देऊ नकोस. भराव आणि काँक्रीटमधून झिरपताना रंग अडकून राहतो, आणि खाली येतं ते नुसतं पाणी.

फरशीत पाणी भरून बघायची पाळी सगळ्यात शेवटी. ट्रॅपच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसव. उंबऱ्याच्या खाली राहील असं, साधारण एक ते दीड इंच पाणी भर आणि टाइलवर पातळीची खूण कर. शेजारी पाण्याने भरलेली एक पसरट परात ठेव, तिच्यातही खूण कर. चोवीस तासांनी परातीतलं पाणी जितकं उतरलं तितकं वाफेने गेलं, आणि बाथरूममधलं त्याहून जास्त उतरलं तर बाकीचं फरशीतून गेलं. तोपर्यंत घरच्यांच्या आंघोळीची सोय दुसऱ्या बाथरूममध्ये किंवा शेजारी लावून दे. ही विनंती सेक्रेटरीने स्वतः, आदल्या दिवशी घरी जाऊन करायची, ग्रुपवर टाकून नाही.

प्रत्येक तपासणीला दोन्ही घरांतलं एकेक माणूस आणि कमिटीचे दोघे हजर असावेत. अर्ध्या पानाचा पंचनामा पुरतो: तारीख, वेळ, काय बंद केलं, किती पाणी टाकलं, खाली काय दिसलं, खाली सह्या. कोणी सही नाकारली तर तसं लिहून बाकीच्यांनी सही करायची. काकांच्या घरात जाण्यासाठी आधी लेखी सूचना दे आणि त्यांना सोयीची वेळ विचार. वरचा फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर भाडेकरूला वेठीला धरू नकोस, कारण टाइल फोडायची परवानगी त्याच्या हातात नसते. मालक पुण्यात असो की न्यू जर्सीत, पंचनाम्याचा फोटो आणि कामाचा अंदाज त्यांना ईमेलने पाठव आणि उत्तराची तारीख माग. पाणी तोडायची सूचना कमिटीत कोणी तरी करेलच. ती तिथेच मोडून काढ. पाणी तोडलं की ज्याची दुरुस्ती करायची बाकी आहे तोच माणूस तक्रारदार होतो, आणि काकूंचं छत बाजूला राहतं.

खर्चाचं. आपल्याकडच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची गळती, पावसाच्या पाण्याने येणारी ओल, आणि बाहेरच्या सामाईक पाण्याच्या व ड्रेनेजच्या पाइपांची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी आतली गळती संबंधित सदनिकाधारकांनी, सोसायटीशी विचारविनिमय करून. म्हणून कोणाकडे बोट दाखवण्याआधी डक्ट बघून घे. ही पायरी कमिट्या हमखास टाळतात, कारण तिथे दोष निघाला तर खर्च सोसायटीच्या माथी येतो. बिडाचे जुने पाइप भिंतीच्या बाजूने सडतात, जिथे रंगाचा ब्रश कधी पोचलेलाच नसतो. पुढून पाइप ठाकठीक दिसतो आणि मागच्या चिरेतून पाणी भिंतीवर पसरून एक मजला खाली घरात उतरतं. सांध्यात पिंपळ उगवलाय का बघ. नुसता कापून उपयोग नाही, मूळ आत राहिलं तर पुढच्या पावसात पुन्हा फुटतो, तेव्हा सांधा उघडून मुळासकट काढायला सांग. इमारत नवी असेल आणि ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर रेरा कायद्याच्या कलम १४ खाली बिल्डरला लेखी कळव. बांधकामातला दोष त्याने ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो.

दुरुस्ती कोणती करायची ते निदानावर ठरतं. मिस्त्रीच्या सोयीवर ठरू देऊ नकोस. फक्त टाइलचे सांधे गेले असतील तर फोडफोडी लागत नाही. जुनं ग्राउट (सांध्यांत भरलेला लेप) खरवडून काढायचं, दोन दिवस बाथरूम पूर्ण कोरडं ठेवायचं, एपॉक्सी ग्राउट भरायचं, ट्रॅपच्या जाळीभोवतीची कड पक्की करायची, आणि किमान चोवीस तास पाणी लावायचं नाही. ओल्या सांध्यात एपॉक्सी भरलं तर ते धरत नाही, आणि दोष मात्र मालावर येतो. पुढे साफसफाईला बाटलीतलं ॲसिड वापरायचं नाही हे काकांना समजावून सांग. सिमेंटचं ग्राउट दर आठवड्याच्या त्या ॲसिडनेच खाल्लेलं असतं.

ट्रॅप किंवा त्याचा पाइप गेला असेल तर मात्र फोडणं आलं. त्यात छोटा हातोडा आणि छिन्नी वापरायला लाव, ब्रेकर मशिन नको. स्लॅब हादरला तर नव्या चिरा पडतात. भराव पूर्ण काढून स्लॅब धुऊन घ्यायचा, चिरा भरायच्या, भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यांत सिमेंटचा गोल वाटा मारायचा. पाइप जिथे स्लॅबमधून किंवा भिंतीतून जातो तिथली कड सगळ्यात जास्त गळते, तिथे उभं राहून काम करून घे. मग पॉलिमर कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने, भिंतीवर निदान फूटभर चढवून. ते सुकलं की ४८ तास पाणी भरून ठेवायचं. खाली कोरडं राहिलं तरच भराव आणि टाइल. फरशीला ट्रॅपकडे दर फुटाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) उतार हवा. ही ४८ तासांची चाचणी ‘दिवस वाया जातात’ म्हणून टाळली जाते. कामाच्या कागदावर ती लिहून घे, आणि त्या चाचणीच्या आधी अर्ध्याहून जास्त पैसे देऊ नका असं काकांना सांग.

राडारोड्याच्या गोण्या जिन्यात साठवू द्यायच्या नाहीत, आणि ठोकाठोकीची वेळ आधीच फलकावर लाव. दुपारी झोपणारी लहान मुलं, परीक्षेला बसलेली मुलं कुठल्या घरात आहेत हे तुला माहीत असतं. त्यांना आधी विचारलंस तर तक्रारी येत नाहीत.

काम झाल्यावर खाली काही आठवडे ओल दिसत राहील, थेंबही पडतील. भिजलेला स्लॅब सुकायला वेळ लागतो. हे काम सुरू होण्याआधीच दोन्ही घरांना सांग, नाहीतर ‘एवढं फोडूनही गळतंयच’ म्हणून सगळं पुन्हा पेटतं. पेन्सिलच्या रेघा चालू ठेव. डाग आक्रसतोय ना, एवढंच बघायचं. काकूंच्या छताचं प्लास्टर आणि रंग त्यानंतर. किती चौरस फूट, कोणत्या प्रतीचा रंग, खर्च कोणाचा, हे मात्र काम सुरू व्हायच्या आधीच कागदावर उतरव. ओल्या छताला पुट्टी लावली तर लोणा (पांढरा क्षार) फुटून पोपडे येतात. आणि फॉल्स सीलिंग लावून डाग झाकायचा विचार त्यांनी केला तर त्यांना थांबव, वर सळई गंजत राहील आणि कोणाला दिसणार नाही.

एवढं करूनही वरचं घर काही केल्या ऐकत नसेल, तर गळतीचा वाद सहकार न्यायालयात नेता येतो. तिथे वेळ लागतो, तोपर्यंत तुझे पंचनामे, पेन्सिलच्या तारखांचे फोटो आणि पोच घेतलेली पत्रं एका फाइलमध्ये असू देत.

या आठवड्यात रात्रीचे व्हॉल्व्ह बंद करून बघ आणि काकूंच्या वहीचे फोटो मला पाठव. कोणत्या लाइनवर थेंब मंदावले ते कळलं की प्लंबरला नेमकं काय सांगायचं ते ठरवू.

तुझा,
काका