ए.ए.च्या मीटिंगला जायचंय पण ओळखीचं कोणी भेटलं तर? तिथे नेमकं काय होतं?

तुम्ही लिहिलंय की तीनदा स्वतःच्या जोरावर दारू सोडून बघितली, दर वेळी पंधरा-वीस दिवसांत परत सुरू झाली, आणि आता ए.ए.ला, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ग्रुपला, जावंसं वाटतंय पण कोणी ओळखीचं दिसलं तर तोंड कुठे लपवू. मला हीच भीती इतकी होती की मी मुद्दाम घरापासून चार स्टेशनं लांबची मीटिंग शोधली होती. आता सहा वर्षं झाली सोडून.

पण त्याआधी एक. रोज पीत असाल, सकाळी हात थरथरत असतील आणि दोन घोट पोटात गेल्यावरच थांबत असतील तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. बंद केल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, माणूस जाऊसुद्धा शकतो. डॉक्टरकडे जा आणि रोजचं खरं प्रमाण सांगा, कमी करून सांगू नका, कारण औषधाचा डोस त्यावरच ठरतो. कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फुकट आहे. ए.ए. म्हणजे हॉस्पिटल नाही, तिथे औषध मिळत नाही.

ग्रुप शोधायला ए.ए.च्या भारतातल्या वेबसाइटवर शहर बघा नाहीतर तिथल्या हेल्पलाइनला फोन करा. मराठी, हिंदी, इंग्रजी कुठल्या भाषेत चालते ते विचारा आणि ओपन आहे का क्लोज्ड तेही विचारा, ओपनला घरचे येऊ शकतात, क्लोज्ड फक्त आपल्यासारख्यांसाठी. गावात नसेल तर ऑनलाइन मीटिंगा असतात, पण माझं मत विचाराल तर एकदा तरी माणसांत जाऊन बसा.

मी पहिल्या दिवशी समोरच्या टपरीवर अर्धा तास उभा राहून परत आलो. पुढच्या आठवड्यात आत गेलो. म्युनिसिपालिटीच्या शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, फळ्यावर दुपारचं गणित तसंच, आणि बारा-पंधरा माणसं, त्यात एक रिक्षावाले, एक बँकेतून रिटायर झालेले, एक पोरगा तर पंचविशीचा पण नसेल. कोणी फॉर्म भरून घेतला नाही, आडनाव विचारलं नाही, फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल तो त्यात टाकतो, मला म्हणाले तू नवीन आहेस, राहू दे. एकेक जण उठून स्वतःचं सांगतो, मध्ये कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही. मी नुसतं नाव सांगून म्हणालो आज फक्त ऐकतो, तेही चाललं. सभासद व्हायला अट एकच, पिणं थांबवायची इच्छा पाहिजे.

आता ओळखीचं. चौथ्या मीटिंगला आमच्याच सोसायटीतले एक काका आत आले. माझ्या पोटात गोळाच आला. ते शांतपणे माझ्या बाकावर येऊन बसले, खांद्यावर हात ठेवला, बस्स. त्यांना सोडून नऊ वर्षं झाली होती आणि आम्हाला वाटायचं हे कधी प्यायलेच नसतील. लिफ्टमध्ये ते मला आधीसारखेच 'काय, आज लवकर?' एवढंच विचारायचे. माझ्या बायकोलासुद्धा त्यांच्याबद्दल कळलं ते पुढे त्यांनी स्वतः सांगितलं तेव्हा. तिथे जो दिसेल तो तुमच्याच कारणासाठी आलेला असतो हो, त्याला तुमच्याइतकंच जपायचं असतं.

प्रार्थना होते, देवाचा उल्लेख येतो, काहींना ते खटकतं. आमच्यातले दोघं-तिघं देव मानत नाहीत, ते म्हणतात हा ग्रुप हीच आमची शक्ती. त्यावरून मीटिंग सोडू नका. आणि एक ग्रुप नाही पटला तर दुसरा बघा, मला तिसरा पटला.

अडीच महिन्यांनी मी परत प्यायलो, एका लग्नात. दुसऱ्या दिवशी लाजेने फोन बंद करून पडलो होतो, संध्याकाळी काकाच दारात आले, ओरडले नाहीत, म्हणाले चल, साडेसातची मीटिंग आहे. तेव्हापासून प्यायच्या आधी फोन करायचा हे मी पाळतो. ए.ए. सुरू झालं तेच असं. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल नावाचा माणूस, धंद्याचं काम फिसकटलेलं, हॉटेलात एकटा, शेजारी बार. त्याने बारमध्ये न जाता फोन लावायला घेतले की मला बोलायला कोणीतरी दारुडा गाठून द्या, आणि त्यातून डॉक्टर बॉब भेटले, तेही पिणारेच. त्या दोघांनी मिळून ए.ए. सुरू केलं.

बायकोला अल-अ‍ॅनॉनबद्दल सांगा, तो घरच्यांचा वेगळा ग्रुप असतो. आणि जेवणात गुपचूप दारू सोडवायची गोळी घालायला कोणी सुचवलं तर तिने अजिबात ऐकू नये, त्यावर दारू पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं.

जाताना दहा मिनिटं आधी पोचा, दारातल्या माणसाला सांगा पहिल्यांदाच आलोय. संपल्यावर लगेच पळू नका, चहाला थांबा आणि दोघा-तिघांचे नंबर घ्या. जवळपास मीटिंग सापडत नसेल तर शहर तेवढं कळवा, तिकडच्या ग्रुपवाल्यांना विचारून वार आणि वेळ सांगतो.