अहवालात ८ टक्के, तरी झोप नाही

रत्नागिरीतील माझ्या समुपदेशन कक्षात, प्रबंध सादर करण्याचे दिवस आले की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : "मॅडम, साम्य किती टक्के चालते?" साम्य म्हणजे प्रबंधातला किती मजकूर इतरांच्या लेखनाशी जुळतो, याचे संगणकीय तपासणीत निघणारे प्रमाण. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते.

मालवणकडचा एक संशोधक मात्र ८ टक्क्यांचा अहवाल हातात घेऊनच आला. (त्याच्या संमतीने, ओळखीच्या खुणा बदलून लिहीत आहे.) पहिल्या तपासणीतले २७ टक्के त्याने शब्द फिरवून खाली आणले होते. शब्द बदलले तरी विचार मूळ लेखकाचाच राहतो, म्हणून तेथे संदर्भ हवाच, हे त्याने मान्य केले आणि दुरुस्तही केले. तरीही त्याला झोप येईना.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी आहे. अस्वस्थतेच्या मुळाशी बहुधा एखादे न तपासलेले वाक्य असते. चौथ्या भेटीत मी विचारले, "कोणते प्रकरण उघडायला नको वाटते?"

"तिसरे. आणि तिथे साम्य शून्य आहे."

पाण्याच्या रंगावरून मासळीचा थवा ओळखण्याचे ज्ञान त्याला एका वृद्ध रापणकराने, म्हणजे किनाऱ्यावरून रापण हे मोठे जाळे ओढून मासेमारी करणाऱ्याने, दिले होते. प्रबंधात ते 'संशोधकाचे निरीक्षण' झाले होते.

"त्यांचे नाव का नाही?"

"तोंडी बोलण्याला संदर्भ कसला, मॅडम?"

हेच ते वाक्य. त्यावर वाद न घालता मी रापणीची वाटणी कशी होते ते विचारले. जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा असे उत्साहाने सांगत तो, "येणाऱ्याजाणाऱ्याने दोराला हात लावला, तरी त्यालाही मासळी मिळते," येथवर आला आणि थांबला. बराच वेळ तो बोलला नाही. मीही बोलले नाही. तो संयम इतक्या वर्षांच्या कामाने मला दिला आहे.

कायदा येथे फारसा उपयोगी पडत नाही. १९५७ चा प्रताधिकार कायदा अभिव्यक्तीला संरक्षण देतो, कल्पनेला किंवा माहितीला नाही. म्हणूनच श्रेयाची जबाबदारी लिहिणाऱ्यावर अधिक येते. गाव, मुलाखतीची तारीख आणि परवानगीने नाव दिले की तोंडी माहितीचाही रीतसर संदर्भ होतो. कोण काय म्हणाले, हे मात्र पहिल्या दिवसापासून वहीत वेगळे टिपून ठेवावे.

पंधरा दिवसांनी तो परतला. रापणकरांनी ते प्रकरण वाचून घेतले होते, वाऱ्याबद्दलची एक चूक दुरुस्त केली होती आणि आपल्या नावाआधी, हे सारे शिकवणाऱ्या आपल्या काकांचे नाव घालायला सांगितले होते.