आजच्या कळ्या आजच

प्रिय मुली,

तुझं पत्र परवा दुपारी मिळालं. पोरींना वाढून झाल्यावर व्हरांड्यात बसून वाचलं, रात्री पुन्हा एकदा वाचलं. नोव्हिशिएटमध्ये, व्रतांआधीच्या मठातल्या तयारीच्या काळात, येऊन तुला सात महिने झाले. सुरुवातीला चॅपलमधून उठावंसं वाटत नव्हतं आणि आता प्रार्थनेला बसलं की नजर घड्याळाकडे जाते, असं लिहिलंस. झाडणं, भांडी, बाग, शिवण, परत झाडणं. "एवढ्यासाठी मी घर सोडलं का?" हे वाक्य लिहून तू खोडलंस, पण खालची अक्षरं दिसतात. खोडायला नको होतंस. सगळ्या पत्रात मला तेच सर्वांत जवळचं वाटलं.

माझं माहेर वसईचं, हे तुला ठाऊक आहे. आमच्या वाडीत केळी होती, पानवेली होत्या आणि विहिरीच्या बाजूला मोगरा. मोगऱ्याचा हंगाम आला की आई पहाटे अंधारातच उठायची. कळी मिटलेली असतानाच खुडावी लागते, उमलली की बाजारात तिला कोणी विचारत नाही. मी पेंगत पेंगत तिच्यामागे परडी घेऊन जायचे. एकदा मी तिला म्हटलं, आज दुप्पट खुडू, म्हणजे उद्या झोपता येईल. आई म्हणाली, "उद्याच्या कळ्या आज झाडावर आहेत कुठे?" एवढंच बोलून ती पुढच्या झाडाकडे वळली.

हे वाक्य मला कळायला फार वर्षं लागली. मठात आले तेव्हा माझी समजूत अशी होती की श्रद्धा हा एक साठा असतो. नोव्हिशिएटमध्ये भरपूर भरून घ्यायचा आणि मग मिशनमध्ये जन्मभर पुरवून खायचा. पहिल्या व्रतांच्या दिवशी मी इतकी आनंदात होते की तेवढ्यावर चाळीस वर्षं निघतील असं वाटलं. तो आनंद चार महिने टिकला.

बायबलमधल्या निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातला मान्ना आठव, रानात इस्राएली लोकांना देवानं दिलेलं ते अन्न. ज्याने त्याने त्या दिवसापुरताच गोळा करायचा. उद्यासाठी म्हणून ठेवला त्यात किडे पडले, घाण सुटली. फक्त शब्बाथच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दोन दिवसांचा घ्यायची मुभा. पण त्या गोष्टीत मला सगळ्यात प्रिय आहे ते त्याचं नाव. सकाळी तंबूबाहेर जमिनीवर पसरलेलं ते बारीक, खवल्यांसारखं काहीतरी बघून लोक एकमेकांना विचारू लागले, "हे काय आहे?" आणि त्या प्रश्नाचंच नाव पडलं. चाळीस वर्षं ती माणसं एक प्रश्न खाऊन जगली. तू झाडू हातात घेऊन "हे काय आहे, एवढ्यासाठी का?" असं विचारतेस तेव्हा तुझी श्रद्धा संपली असं मला अजिबात वाटत नाही. तुझ्या तंबूबाहेर आज काहीतरी पडलंय आणि तू ते पहिल्यांदाच नीट बघते आहेस.

आता माझी गोष्ट सांगते, कारण तू विचारलंस की मला असं कधी झालं का.

माझं डी.एड. झालं होतं. मला शाळेत शिकवायचं होतं. पहिल्या व्रतांनंतर मला जव्हारच्या बाजूला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, मुलींच्या बोर्डिंगमध्ये पाठवलं आणि काम मिळालं स्वयंपाकघराचं. साठ मुली, बहुतेक वारली. सकाळी भात-डाळ, संध्याकाळी भात-डाळ, रविवारी सुका जवळा. वर्गातून पाढ्यांचा आवाज यायचा आणि मी तांदूळ निवडत बसायचे. माझ्या वरिष्ठांनी माझं शिक्षण बघितलंच नाही, हा राग मी जवळजवळ वर्षभर धरला. आज्ञापालनाचं व्रत घेतलं होतं म्हणून तोंडातून अवाक्षर काढलं नाही, आणि त्या गप्प बसण्यालाच मी आज्ञापालन समजत होते. ती माझी चूक होती. मला जाऊन बोलता आलं असतं, बोलायला हवं होतं. मनातला सल योग्य माणसाला प्रामाणिकपणे सांगणं हा आज्ञाभंग नाही, हे तू आत्ताच शिकून ठेव.

त्या बोर्डिंगमध्ये शनिवारी दुपारी पोरींच्या डोक्यातल्या उवा काढायचा कार्यक्रम असे. करंजाचं तेल चोपडायचं आणि बारीक फणीनं विंचरायचं. मला त्याची किळस होती. एका शनिवारी नवी आलेली एक मुलगी, सहा-सात वर्षांची, माझ्यापुढे बसली. आल्यापासून ती कोणाशी बोलली नव्हती, जेवतही नव्हती धड. लिखा इतक्या होत्या की एकेक बट वेगळी करून काढावी लागत होती. पाऊण तास गेला असेल. मी त्या बटांमध्ये इतकी गुंतले की माझा राग, माझं डी.एड., काही आठवलं नाही. मग तिचं डोकं जड झालं. ती माझ्या गुडघ्याला टेकून झोपली होती. मी फणी धरलेला हात तसाच वर ठेवला, हलवला नाही, आणि माझ्या लक्षात आलं की मी आनंदात आहे. कधीपासून, ते कळलं नाही. मी बघत नसताना तो आला होता.

म्हणून तुला सांगते, प्रार्थनेत बसून "मला आनंद होतोय का?" असं सारखं तपासू नकोस. बी रुजलं का म्हणून रोज उकरून बघणाऱ्याच्या वाफ्यात काही उगवत नाही. समोरच्या माणसाकडे बघ, समोरच्या भांड्याकडे बघ. आविलाच्या संत तेरेजानं सोळाव्या शतकात आपल्या भगिनींना लिहून ठेवलं की आज्ञेनं स्वयंपाकघरात जावं लागलं तर प्रभू तिथल्या भांड्यांमध्येही वावरत असतो. पुष्कळ मठ स्थापन करणारी, खटारागाडीतून स्पेनभर फिरणारी बाई होती ती. भांडी तिनं दुरून बघितलेली नव्हती.

दुसरी तेरेजा, फ्रान्समधल्या लिझ्यूची, तुला अधिक जवळची वाटेल. पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली, १८९७ साली चोविसाव्या वर्षी क्षयानं वारली. प्रार्थनेत तिला झोप लागायची, आणि आईबापांना झोपलेलं लेकरूही तितकंच लाडकं असतं, असं तिनं स्वतःला समजावलं. तिच्या मागे बसणारी एक सिस्टर ध्यानाच्या वेळी कसलासा बारीक आवाज करायची. तेरेजाला घाम फुटायचा. मागे वळून एकदा रोखून बघावं असं फार वाटायचं. ती वळली नाही. तो आवाज एखादं सुंदर संगीत असावं तसा ऐकायचा प्रयत्न करत राहिली आणि तेच तिनं देवाला अर्पण केलं. १८९६ च्या ईस्टरपासून मरेपर्यंत तिच्या श्रद्धेवर दाट काळोख होता, स्वर्ग आहे की नाही इथवर. त्याच काळात ती आजारी अंगानं नवशिक्या भगिनींना शिकवत होती, आणि तिच्याशी बोलून आलेल्यांना त्या काळोखाचा पत्ता नव्हता. चर्चनं हिला १९९७ साली आचार्यपद दिलं, जिच्या शिकवणीवर साऱ्या चर्चनं भरवसा ठेवावा अशा संताचा मान. संतांची चित्रं गुलाबांनी सजवलेली असतात म्हणून आपल्याला वाटतं, त्यांना कोरडेपणा ठाऊक नव्हता.

आणि शुक्रवारच्या रात्रीची प्रार्थना जरा लक्ष देऊन म्हण. त्यात बायबलमधलं ८८ वं स्तोत्र येतं. बाकी विलापाच्या बहुतेक स्तोत्रांना शेवटी कुठेतरी आशेचा किनारा असतो. हे मात्र अंधारातच संपतं. तरी ते आपल्या हातात दिलंय, दर आठवड्याला, सगळ्यांनी मिळून म्हणायला. ज्या शुक्रवारी तुला म्हणण्यासारखं काही नसेल, त्या शुक्रवारी ते शब्द तुझे म्हणून वापर.

मला स्वतःला कोरड्या दिवसांत एका गोष्टीनं फार आधार दिला. चॅपलमध्ये एकटी असताना एकदा मी पुस्तकी मराठी सोडून घरच्या बोलीत, आमच्या वसईकडच्या कादोडीत, देवाशी बोलले. आईशी बोलावं तसं. प्रार्थनेच्या पुस्तकातली भाषा सुंदर आहे, पण तिच्यात मी नेहमी व्यवस्थित बसलेली असते. कादोडीत मला रडता आलं. तुझ्या घरी जी बोली असेल ती वापर. तुझी आजी जशी बोलायची तशी बोल.

झोप पुरेशी घे. जेव. बायबलमधला एलिया संदेष्टा झाडाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, मग परत उठवून खायला घातलं. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, अन्न जात नसेल, काहीच नको वाटत असेल, तर ते प्रार्थनेखाली झाकू नकोस. तुमच्या मदरना सांग, डॉक्टरकडे जा. तो वेगळा आजार असतो आणि त्यावर औषध असतं.

सगळ्यात अवघड ते मी शेवटी ठेवलं, कारण तूही पत्रात ते शेवटी, घाईनं लिहिलंस. तुझं जिच्याशी पटत नाही त्या सिस्टरबद्दल. एका छताखाली आपण न निवडलेल्या माणसांबरोबर राहायचं, हेच खरं आपलं व्रत आहे असं मला कधीकधी वाटतं. बोर्डिंगमध्ये असताना कोठीच्या किल्ल्यांवरून माझं एका वयस्कर सिस्टरशी बिनसलं. तीन आठवडे आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मिस्सात, चर्चमधल्या उपासनेत, एकमेकींना शांती द्यायच्या वेळी मी दुसऱ्या बाजूला वळायचे. मग एका रात्री, रात्रीच्या प्रार्थनेच्या सुरुवातीला दिवसभराचं आठवतो ना आपण, तेव्हा मला दिवसातलं दुसरं काही आठवेना, फक्त तिचं जिन्यावरून एकेक पायरी उतरणं. प्रार्थना संपल्यावर तिच्या खोलीवर गेले. ती गुडघ्याला तेल लावत होती. मी बाटली घेतली आणि चोळायला बसले. क्षमा वगैरे शब्द कोणीच उच्चारले नाहीत. थोड्या वेळानं ती म्हणाली, "जरा खाली. हां, तिथे." पुढची सहा वर्षं रोज रात्री मी ते गुडघे चोळले. ती गेली तेव्हा आईला गमावल्यासारखी रडले.

तुझी ती सिस्टर अशी होईल, असं मी म्हणत नाही. काही जणी शेवटपर्यंत कठीणच राहतात. पण तिला कुठे दुखतं, हे तुला माहीत आहे का?

इथेच राहायचं की परत जायचं, याचं उत्तर तू माझ्याकडे मागितलंस. ते मी देणार नाही. चर्चलाही घाई नाही. नोव्हिशिएट किमान बारा महिन्यांचं, मग निदान तीन वर्षं तात्पुरती व्रतं, आणि त्यानंतर कायमची. एवढा वेळ ठेवलाय तो तुझ्यासारखीनं मोकळेपणी विचार करावा म्हणूनच. परत गेलीस तर देवाला टाकलंस असं होत नाही, माझ्या घराचं दारही बंद होणार नाही. फक्त कंटाळ्याच्या दुपारी निर्णय घेऊ नकोस आणि सणाच्या सकाळीही नको. साध्या मंगळवारी घे.

तू लिहिलंस की तुमच्या मागच्या अंगणात मोगऱ्याचं एक झुडूप आहे आणि त्याला कोणी पाणी घालत नाही. उद्या सकाळच्या प्रार्थनेआधी एक बादली घाल. जून झालेल्या फांद्या थोड्या छाट, मुळाशी माती भुसभुशीत कर, शेणखत मिळालं तर घाल. उन्हाळ्यापर्यंत कळ्या धरतील. पहिली खुडशील ती वेदीवर ठेव आणि मला दोन ओळी लिही.

इथे पोरी तेलाची वाटी घेऊन दारात उभ्या आहेत. आज शनिवार.

तुझी,
सिस्टर