काचा धुण्याच्या पंपासाठी घरातली इन्व्हर्टरची बॅटरी चालेल का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: जुना छोटा हत्ती घेतलाय, मागे 500 लिटरची टाकी, 12 व्होल्टचा डायफ्रॅम पंप, चौथ्या मजल्यापर्यंत जाणारा ब्रशचा पोल. मेहुण्याकडे 150 एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीची साठवण) इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी पडून आहे. ती लावावी की नवी लिथियम घ्यावी?

मेहुण्याची बॅटरी त्याच्याकडेच राहू द्या. मी पुण्यात हाच धंदा करतो आणि आतापर्यंत दोन बॅटऱ्या स्वतःच्या हाताने मारल्या आहेत, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

पहिली गाडीचीच होती. सुरुवातीला पंप थेट तिलाच जोडला. औंधला एका बंगल्याचं काम संपवून संध्याकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टक-टक. टाकीत निम्मं पाणी शिल्लक, म्हणजे अडीचशे किलो. ते सगळं आरओचं पाणी रस्त्यावर सोडून दिलं तेव्हा कुठे वॉचमन आणि माळीबुवांच्या धक्क्याने गाडी सुरू झाली. गाडीच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात. स्टार्टरला दोन-चार सेकंद दणदणीत करंट द्यायचा आणि लगेच अल्टरनेटरकडून (इंजिनावर फिरून वीज बनवतो तो) भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम. रोज अर्ध्याच्या खाली उतरवली की ती काही महिन्यांत बसते.

आता तुमचा हिशेब. बहुतेक जण पंपाच्या लेबलवरचे अँपिअर गुणिले कामाचे तास करतात आणि गरजेच्या दुप्पट बॅटरी घेऊन बसतात. मी उलटीकडून मोजतो, म्हणजे पाण्याकडून. पोलमधून मिनिटाला साधारण दोन लिटर पाणी जातं. 500 लिटर संपायला 250 मिनिटं, म्हणजे चार तासांहून थोडा जास्त वेळ. टाकी संपली की पंप बंद. पंप 6 अँपिअर खात असेल तर एका टाकीला सुमारे 25 एएच लागतात. चहा, शिडी हलवणं, मालकीणबाईंशी बोलणं, यात पंप चालतच नाही. दिवसात टाकी दुसऱ्यांदा भरणार असाल तर 50 धरा.

ते 6 अँपिअर मात्र मोजून घ्या. बऱ्याच ऑटो इलेक्ट्रिशियनकडे डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असतो (स्वस्तातले बरेच मीटर फक्त एसी मोजतात, बघून घ्या). पोल चौथ्या मजल्यावर धरून मोजा. दर दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब वाढतो आणि दाब वाढला की पंप जास्त करंट खातो. माझ्या पंपाच्या लेबलवर 7 आहे, प्रत्यक्षात साडेपाच लागतो.

शिशाची, म्हणजे आत ॲसिड असलेली नेहमीची बॅटरी रोज निम्म्याहून जास्त रिकामी करायची नाही. म्हणजे एका टाकीच्या दिवसाला 60 एएचची, दोन टाक्यांना 100-110 ची डीप सायकल (रोज खोल उतरवायला बनवलेली) सीलबंद बॅटरी. लिथियम, म्हणजे एलएफपी म्हणतात ती, 80 टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते. तिथे 40 किंवा 65 एएचच्या आसपास भागतं.

पण खरा प्रश्न रात्रीचा आहे. गाडी कुठे उभी असते? पार्किंगमध्ये प्लग आहे का? 100 एएचची शिशाची बॅटरी 10 अँपिअरच्या चार्जरवर अर्ध्यातून पूर्ण भरायला आठेक तास घेते, कारण शेवटचा टप्पा ती अगदी सावकाश पिते. प्लग नसेल तर तीस किलोचं धूड रोज जिन्याने वर नेणार? मी तीन आठवडे नेलं. 50 एएचची एलएफपी सहा किलोच्या आसपास भरते, पिशवीत घालून वर नेता येते. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला. तुमच्याकडे प्लग असेल आणि हातात पैसे कमी असतील तर शिशाचीही काही वाईट नाही. बसली तरी भंगारात चार पैसे येतात.

दुसरी बॅटरी मी मारली ती पावसाळ्यात. जून ते ऑगस्ट कामं जवळपास बंद, बॅटरी तशीच अर्धी उतरलेली पडून. गणपतीनंतर दिवाळीची झुंबड सुरू झाली तेव्हा ती चार्जच घेईना. प्लेटांवर सल्फेट साचून घट्ट झालं होतं. शिशाची बॅटरी ठेवायची तर पूर्ण भरून ठेवायची आणि महिन्यातून एकदा पुन्हा भरायची. लिथियमचं उलट, ती अर्धी भरलेली बरी.

ट्यूब्युलर का नको? खोल उतरवायला ती उत्तमच, प्लेटा जाड असतात. पण ती एका जागी उभी राहण्यासाठी बनवलेली आहे. पन्नास-साठ किलो वजन, आत मोकळं ॲसिड, आणि आपल्या रस्त्यांवरचे खड्डे. शिवाय चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे बंद बॉडीच्या गाडीत तर नाहीच.

लिथियम घेतलीत तर तीन गोष्टी. चार्जर 14.6 व्होल्टचा, एलएफपीसाठीचाच घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चार्जिंगला लावू नका. चालत्या गाडीत चार्ज करायची असेल तर मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा, नाहीतर ती एवढा करंट ओढते की छोट्या गाडीचा अल्टरनेटर तापून जातो. आणि पॉझिटिव्ह वायरला बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज.

बाजारात जुने सेल भरलेल्या बॅटऱ्या नव्या स्टिकरखाली खपतात. व्होल्टमीटरने ते कळत नाही, कारण लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास तोच दिसतो. मी पूर्ण चार्ज करून 55 वॅटचा हेडलाइटचा बल्ब फरशीवर ठेवून लावतो आणि घड्याळ बघतो. 50 एएचची खरी असेल तर तो दहा तासांच्या आसपास जळतो. माझ्या पहिल्या लिथियमवर तो सहा तासांत विझला होता. बिल जपून ठेवलं होतं म्हणून दुकानदाराने कुरकुरत का होईना, बदलून दिली.