मंद लहरी आणि श्रावणी सोमवार

प्रश्न : माझा धाकटा भाऊ 29 वर्षांचा, डिचोलीत त्याचं दुचाकींचं गॅरेज आहे. दोन वर्षांपूर्वी शिगम्यात पाच रात्री झोपला नाही, उधारीवर तीन जुन्या गाड्या घेऊन बसला. पुढे दोन महिने अंथरुणातून उठेना. डॉक्टरांनी बायपोलर (कधी उन्माद, कधी खोल उदासी) सांगितलं. त्यावर लिथियमची गोळी चालू आहे, नंतर व्हॅल्प्रोएटही दिलं. परवा श्रावणी सोमवारी, अळणी उपवास होता, गॅरेजात भोवळ येऊन पडला. ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) काढला : 'लहरी किंचित मंद, फिटची खूण नाही.' काका म्हणतात, गोळ्यांनी मेंदू मंद झाला, बंद कर. फार्मसीवाला म्हणतो, व्हॅल्प्रोएट ही फिटची गोळी. काय करू?

उत्तर : ताई, गोळ्या काकांच्या सांगण्यावरून बंद करू नका. लिथियम एकदम थांबवलं की ते पाच जागरणांचे दिवस परत येण्याचा धोका मोठा.

डोळे मिटून शांत पडलं की मेंदूच्या मागच्या भागात सेकंदाला साधारण 8 ते 13 लहरी उठतात. लिथियम घेणाऱ्यांत हा वेग थोडा उतरलेला दिसू शकतो, रक्तातलं प्रमाण योग्य असतानाही. त्यावरून बुद्धी मोजत नाहीत. बायपोलरचं निदानही ईईजीवर होत नाही. ईईजी काढतात तो फिट येण्याचा आजार आहे का हे बघायला. (पुन्हा काढायची वेळ आली तर आदल्या रात्री डोकं धुवा. आपल्याकडे खोबरेल चोपडून येतात आणि तारा चिकटतच नाहीत.)

फार्मसीवाला अर्धं खरं बोलला. व्हॅल्प्रोएट आधी फिटसाठीच आलं, उन्मादावर चालतं हे पुढे कळलं.

तुमच्या पत्रातला मला खटकलेला शब्द 'अळणी'. लिथियम हा मिठाचाच भाऊबंद. खाण्यात मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तात ते चढतं. त्यात गॅरेजातला घाम, पोटात पाणी नाही. अंगदुखीला आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेतली असेल तर आणखी भर. भोवळीचं कारण हेच, असं पत्रावरून ठरवणार नाही, पण माझा पहिला संशय तिथेच. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, जड जीभ, यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

आईंना सांगा, देवाला फुलं वाहा, याचं मीठ तोडू नका. मीठ अचानक वाढवूही नका, रोजच्यासारखं असू द्या.

आणि याच आठवड्यात रक्तातलं लिथियम तपासून घ्या, सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी). नेहमीच्या उपचारात लिथियम लिटरला 0.6 ते 1.0 मिलिमोलच्या आसपास ठेवतात, 1.5 च्या वर विषबाधेची भीती. रात्रीची गोळी 9 ला घेत असेल तर रक्त सकाळी 9 ला द्यायचं, सकाळची गोळी त्यानंतर. आकडा आणि ईईजी दोन्ही घेऊन त्याच्या डॉक्टरांकडे जा, सोमवारच्या उपवासाचं मात्र तुम्हीच तोंडाने सांगा. तो सांगणार नाही.